लंडनचा क्लब, लालबागच्या तालमी आणि आपल्या पोरींची धाव

आज आपण दोन शहरांतल्या खेळाच्या गोष्टी ऐकणार आहोत. एक शहर आपल्या चांगल्या ओळखीचं, मुंबई. त्यातही परळ, लालबाग, शिवडी, डिलाईल रोड हा गिरण्यांचा भाग, म्हणजे गिरणगाव. आपल्यापैकी कितीतरी जणींचे आजोबा, वडील, सासरे, दीर तिथं गिरणीत होते. त्यांच्या मनीऑर्डरीवर आपल्याकडची घरं उभी राहिली. दुसरं शहर लांबचं, लंडन. पण दोन्हीकडची गोष्ट ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल, अगं, ही तर एकाच घरातली भावंडं!

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. मॅरेथॉन नावाची लांब पल्ल्याची शर्यत आता आपल्या तालुक्यांतही ऐकू येते. पूर्ण मॅरेथॉनचं अंतर असतं ४२ किलोमीटर १९५ मीटर. ४२ समजलं, पण वरचे १९५ मीटर कुठून आले? चांगलं पूर्ण ४० का नाही केलं?

याचं उत्तर लंडनच्या एका क्लबाकडं जातं. क्लबाचं नाव पॉलिटेक्निक हॅरियर्स. हॅरियर्स म्हणजे सशामागं धावणारे शिकारी कुत्रे. इंग्लंडात रानातून, चिखलातून धावणाऱ्या मंडळींनी आपल्या क्लबांना हे नाव लावून घेतलं. हा क्लब १८८३ साली निघाला. क्विंटन हॉग नावाच्या साखरेच्या व्यापाऱ्यानं लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर गरीब आणि मध्यम घरांतल्या तरुणांसाठी एक संस्था चालवली होती. दिवसभर दुकानात, कचेरीत, कारखान्यात काम करायचं आणि संध्याकाळी तिथं येऊन हुन्नर शिकायचं, वाचायचं, व्यायाम करायचा. त्याच संस्थेचा हा धावणाऱ्यांचा क्लब. त्या काळी इंग्लंडात खेळ म्हणजे बड्या घरच्या पोरांची चैन होती. हा क्लब होता कारकुनांचा, दुकानातल्या नोकरांचा, कारागिरांचा.

१९०८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. मॅरेथॉनचा रस्ता आखायचं काम या क्लबाकडं आलं. क्लबाचे चिटणीस जॅक अँड्र्यू यांनी विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियमपर्यंतचा रस्ता ठरवला. शर्यत संपणार होती राजघराण्याच्या बैठकीसमोर. तिथपर्यंत मोजलं, तर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. म्हणजेच आपले ४२ किलोमीटर १९५ मीटर. पुढं १९२१ साली तेच अंतर साऱ्या जगासाठी पक्कं झालं. आज जगात कुठंही कुणी पूर्ण मॅरेथॉन धावलं, की ते या नोकरदार पोरांच्या क्लबानं मोजलेलं अंतर धावतं.

आणि गंमत अशी, की तो क्लब आज नाही.

का नाही, ते पुढं सांगतो. आधी मुंबईला जाऊ.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबाग धुराड्यांनी भरून गेलं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतले गडी कामाला आले. बहुतेकांची बायकामुलं गावीच. एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. दिवसपाळीचा गडी उठला, की त्याच जागेवर रातपाळीचा झोपायचा. खोलीत पाय पसरायला जागा नाही, मग माणूस जाणार कुठं? तो तालमीत जायचा.

गिरगावात, लालबागला, परळला गल्लीगल्लीत तालमी होत्या. तालीम म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, भिंतीला टेकवलेली करेल, जोडी, गदा, आणि वर लक्ष ठेवणारा वस्ताद. गड्यानं गावाकडून येताना अंगातली कुस्ती बरोबर आणली होती. पाळी सुटली, की लंगोट कसून मातीत उतरायचं. मातीसाठी तेल, हळद, ताक लागायचं. खुराकाला दूध, तूप, बदाम. हे सगळं वर्गणीतून. गणपतीत लेझीम तालमीची, भांडण मिटवायला माणसं तालमीची, कुणी आजारी पडला तर गावी पोचवणारी सोबतही तालमीचीच. लंडनच्या कारकुनाला जसा तो क्लब, तशी गिरणीच्या गड्याला तालीम. दिवसभर दुसऱ्याच्या यंत्रापुढं राबल्यावर अंग आपलं आहे, ही आठवण करून देणारी जागा.

आता या दोन्ही गोष्टी एका गावात येऊन भेटतात. ते गाव बेल्जियम देशातलं अँटवर्प. साल १९२०.

त्याआधी वर्षभर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शर्यती झाल्या होत्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते मुंबईचे सर दोराबजी टाटा. त्यांनी पाहिलं, की लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत आहेत आणि त्यांचा वेग युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातो आहे. पायात बूट नाहीत, शिकवायला कुणी नाही, तरी ही पळ! दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्याकडं शब्द टाकला आणि तीन धावपटूंचा खर्च स्वतः सोसायची तयारी दाखवली. अशा रीतीनं भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, साताऱ्याचे सदाशिव दातार होते, आणि शिंदे व नवले हे दोन मराठी पैलवान होते. चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. शिंद्यांनी कुस्तीत चौथा नंबर मिळवला. एका पायरीनं पदक हुकलं.

दोराबजींकडं पैसा कुठून आला, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांचे वडील जमशेटजी. त्यांनी १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली होती. टाटांच्या संपत्तीचा पाया कापडगिरणीत होता. म्हणजे त्या बोटीच्या तिकिटात गिरणीत राबणाऱ्या हातांचाही वाटा होता. त्याची नोंद कुठल्या पावतीवर नाही, एवढंच.

त्याच अँटवर्पमध्ये लंडनच्या आपल्या क्लबाचा एक गडी धावत होता. नाव हॅरी एडवर्ड. कृष्णवर्णीय. त्यानं १०० मीटर आणि २०० मीटर, दोन्ही शर्यतींत ब्रिटनला कांस्यपदक मिळवून दिलं. त्याचा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानाचा. आणि क्लबाला घर देणाऱ्या हॉगसाहेबांचा साखरेचा धंदाही त्याच गयानातला. तिथल्या उसाच्या मळ्यांत आपल्या देशातून करारावर नेलेले मजूर राबले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको, की साखर गोड असते पण तिचा हिशेब गोड नसतो.

इथवर ऐकताना तुमच्या मनात आलंच असेल, की या सगळ्यात बायका कुठं आहेत?

बायका गिरणीत होत्या. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यांत बायकाच जास्त. पण तालमीचा उंबरा त्यांना बंद. तालमीत बाईची सावली पडू नये, असाच रिवाज. खुराक मात्र बाईच्या हातचा लागायचा. गिरणगावातल्या हजारो गड्यांचं जेवण खानावळवाल्या बाया रांधायच्या. पहाटे चुलीपुढं बसायचं, पाळीच्या भोंग्याआधी डबे भरायचे. महिन्याचे पैसे महिना संपल्यावर, तेही मिळाले तर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. पैलवानाच्या दंडाला लोकांनी टाळ्या दिल्या. तो दंड ज्या भाकरीवर पोसला, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. पुढं १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या आजच्या बचतगटांच्या त्या थोरल्या बहिणीच.

लंडनमध्येही वेगळं नव्हतं. पुरुषांच्या क्लबात बाईला जागा नव्हती. तरी १९२६ साली व्हायोलेट पियर्सी नावाची बाई विंडसर ते लंडन या मॅरेथॉनच्या रस्त्यावरून धावली. तिची ३ तास ४० मिनिटं २२ सेकंदांची वेळ बायकांच्या मॅरेथॉनमधली पहिली वेळ म्हणून सांगितली जाते. पण ऑलिंपिकवाल्यांना बाई धावलेली पाहवत नव्हती. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला पहिल्यांदा बायकांना मैदानी शर्यतींत घेतलं, तेही मोजक्याच. एवढ्यावर आम्ही येणार नाही, म्हणून इंग्लंडच्या बायकांनी त्या शर्यतींवर बहिष्कार टाकला. तिथं ८०० मीटरची शर्यत झाल्यावर काही जणी दमून बसल्या. शर्यत संपल्यावर पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं, बघा, बायका कोसळल्या, हे त्यांना झेपणारं नाही. झालं! ८०० मीटरची शर्यत बायकांसाठी बंद केली, ती १९६० साली पुन्हा सुरू झाली. बत्तीस वर्षं! या बत्तीस वर्षांत आपल्या आज्या डोईवर हंडे घेऊन रोज किती मैल चालत होत्या, ते मोजायला मात्र कुणी घड्याळ घेऊन आलं नाही. मॅरेथॉन तर बायकांना ऑलिंपिकमध्ये १९८४ साली मिळाली.

मुंबईत हा उंबरा हळूहळू झिजला. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बालविवाह बंदीच्या कायद्यासाठीही त्यांनी खटपट केली. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. बाराव्या वर्षी जिचं लग्न झालं, ती मैदानावर कधी जाणार? दादरला नगरपालिकेनं १९२५ साली मोठं मैदान लोकांसाठी खुलं केलं. दोन वर्षांनी त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं, ते अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेनं लावून धरल्यामुळं. त्याच मैदानावर १९२५ सालीच सुरू झालेलं श्री समर्थ व्यायाम मंदिर आजही आहे. तिथं मुली दोरीच्या मल्लखांबावर चढतात. ते पाहताना जुन्या तालमीचा उंबरा आठवला, की बरं वाटतं.

मग आलं १९५१. दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. १०० मीटरमध्ये रोशन मिस्त्री हिनं रौप्यपदक मिळवलं. २०० मीटरमध्ये मुंबईची मेरी डिसोझा तिसरी आली. आणि रोशन, मेरी, पॅट मेंडोन्सा, बानू गझदर या चौघींनी मिळून रिलेचं रौप्यपदक आणलं. रिले म्हणजे हातातली काठी एकीनं दुसरीला देत चौघींनी धावायचं. एकीची चूक झाली की चौघी हरतात. आपल्या गटाच्या कर्जफेडीसारखंच.

पुढच्या वर्षी, १९५२ साली, हेलसिंकीला ऑलिंपिक होतं. स्वतंत्र भारताच्या बायका पहिल्यांदाच ऑलिंपिकला जाणार होत्या. त्या चौघी होत्या. बंगालची धावपटू नीलिमा घोष, बंगालचीच जलतरणपटू आरती साहा, जी तेव्हा फक्त ११ वर्षांची होती, मुंबईची जलतरणपटू डॉली नझीर, आणि वांद्र्याची मेरी डिसोझा. मेरीची निवड झाली, पण तिला पाठवायला पैसे नव्हते. मग तिच्या घरच्यांनी, मित्रमैत्रिणींनी नाचगाण्याचे आणि पत्त्यांच्या खेळाचे कार्यक्रम ठेवले, तिकिटं लावली, पैसे जमवले. त्या पैशांनी मेरीचा प्रवास सोपा झाला.

अगदी त्याच वेळी आपल्या सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वरला, दुसरी वर्गणी चालली होती. खाशाबा जाधवांसाठी. गावानं पैसे गोळा केले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारतातलं एकट्या खेळाडूनं मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परत आले, तेव्हा गावानं त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

आणि त्याच हेलसिंकीत लंडनच्या क्लबाचा मॅकडोनाल्ड बेली १०० मीटरमध्ये तिसरा आला. एकाच गावात, एकाच महिन्यात, वर्गणीवर पोचलेला कराडचा पैलवान, तिकिटं विकून पोचलेली मुंबईची पोरगी आणि नोकरदारांच्या क्लबातला धावपटू. मेरी पहिल्या फेरीपलीकडं गेली नाही, म्हणून तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण तिथंच थांबली असती, तर ती मेरी कसली! दोन वर्षांनी मनिलाच्या आशियाई खेळांत ख्रिस्तीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा आणि व्हायोलेट पीटर्स यांच्यासोबत तिनं रिलेचं सुवर्णपदक जिंकलं. त्यातली पुण्याची स्टेफी १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये धावली. आधी रौप्य, मग हेलसिंकीची हार, मग सुवर्ण. पहिल्या खेपेची वर्गणी बुडाली असं कुणी म्हणालं असतं, तर दुसरी खेप आलीच नसती.

आता दोन्ही ठिकाणचा शेवट सांगतो.

गिरण्यांनी आणि कंपन्यांनी चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. कबड्डीचे, फुटबॉलचे संघ उभे केले. मफतलालचा फुटबॉल संघ देशभर गाजला. कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघानं १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला. टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेल्या नेव्हिल डिसोझा या मुंबईकरानं १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका सामन्यात तीन गोल केले आणि भारत चौथा आला. ऑलिंपिकमध्ये असं करणारा आशियातला तो पहिला. पुढं कॅल्टेक्स सरकारजमा होऊन हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेली आणि ते नाव मैदानावरून पुसलं गेलं. नोकरी आणि खेळ एका दोरीला बांधलेले असले, की दोरी तुटल्यावर दोन्ही एकदम पडतात.

गिरणगावात ती दोरी १८ जानेवारी १९८२ला तुटायला लागली. दत्ता सामंतांच्या पाठीमागं सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागं घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही. गडी गावी परतले. कुणी शेतावर मजुरी केली, कुणी भाजी विकली. आपल्या कितीतरी घरांत त्या वर्षी मनीऑर्डर यायची थांबली, मुलीची शाळा सुटली, सासूच्या अंगावरचं डोरलं गहाण पडलं. पगारच नाही, तिथं तालमीची वर्गणी कोण देणार? दूध-बदाम लांबच राहिले. हौद्यातली माती वाळली. नंतर गिरण्यांच्या जागी काचेचे मॉल आणि उंच इमारती आल्या. अनेक तालमींचं नाव आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलं आहे.

लंडनचा क्लबही त्याच सुमारास गेला. मूळ संस्था १९७० साली मोठ्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये रूपांतरित झाली, तिची रीत बदलली. १९८५ साली पॉलिटेक्निक हॅरियर्स किंग्स्टनच्या क्लबात विलीन झाला. त्यांची विंडसरची मॅरेथॉन १९०९पासून चालत आली होती. ती १९९६ साली शेवटची धावली गेली. तिथं संप नव्हता, गोळीबार नव्हता, कुणी टाळंही ठोकलं नाही. तरी क्लब गेला. शंभर वर्षांत ऑलिंपिकचे इतके धावपटू दिलेला क्लब असा गुपचूप जाऊ शकतो, यावरून आपण धडा घ्यायचा. संस्था मोठ्या संकटानंच मरते असं नाही. तिची जागा दुसऱ्याच्या हातात असली आणि तिची माणसं पांगली, की तीही विझते.

मग उरलं काय?

उरलं ते अंतर. दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन होते, २००४पासून. धावणारे मरीन ड्राइव्हनं गिरगाव चौपाटीवरून जातात, वरळी, माहीम करून दादर-प्रभादेवीच्या रस्त्यानं परत येतात. एका बाजूला थोड्याच अंतरावर जुनं गिरणगाव असतं. या शर्यतीत २०१३, २०१४ आणि २०१५, सलग तीन वर्षं भारतीय बायकांत पहिली आली ती सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथल्या शेतकऱ्याची ही लेक. लंडनच्या त्या विसरलेल्या क्लबानं मोजलेलं ४२ किलोमीटर १९५ मीटरचं अंतर तिनं मुंबईच्या रस्त्यावर तीनदा जिंकलं. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि १०वी आली. ही अडथळ्यांची शर्यत. मध्ये आडव्या लाकडांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारत धावायचं. ऑलिंपिकमध्ये ती बायकांना मिळाली २००८ साली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी भारताची बाई धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली, ती ललिता. पुढं ती उपजिल्हाधिकारी झाली.

१९२०चे दातार साताऱ्याचे, १९५२चे खाशाबा साताऱ्याचे, २०१६ची ललिताही साताऱ्याची. मातीत काही जादू आहे म्हणून हे घडलं, असं आम्हाला वाटत नाही. प्रत्येकाच्या मागं कुणीतरी होतं. एकाच्या मागं दोराबजी, एकाच्या मागं गाव आणि घर गहाण टाकणारे प्राचार्य, एकीच्या मागं रेल्वेची नोकरी. मेरीच्या मागं तिकिटं विकणाऱ्या मैत्रिणी.

म्हणून हे भाषण संपवताना आम्ही गटांपुढं तीन कामं ठेवतो. पहिलं काम मैदानाचं. आपल्या गावात पोरांना खेळायला जी मोकळी जागा आहे, ती कागदावर कुणाच्या नावानं आहे, हे ग्रामसभेत विचारा. गावठाण आहे का, गायरान आहे का, शाळेची आहे का. नोंद नसलेली जागा आज मैदान असते, उद्या गोदाम होते. तालमींची जागा स्वतःची असती, तर कितीतरी वाचल्या असत्या.

दुसरं काम वेळेचं. मुलीला संध्याकाळचा एक तास द्या. त्या तासाचं पाणी, शेण, भाकरी घरातल्या मुलानं किंवा बापानं करावी. तालमीतल्या गड्याला खानावळवालीनं आयता डबा दिला, म्हणून तो जोर काढू शकला. आपल्या मुलीलाही एक तास कुणीतरी डबा द्यायला हवा. आणि ती दमून खाली बसली, तर तिला झेपत नाही असं लगेच म्हणू नका. तसं म्हणण्यामुळं जगातल्या बायकांची एक शर्यत बत्तीस वर्षं बंद राहिली होती.

तिसरं काम वहीचं. गटाच्या बचतीच्या वहीत मागं चार पानं खेळासाठी ठेवा. महिन्याला सभासदामागं पाच रुपये चालतील. बूट, एसटीचं तिकीट, तालुक्याच्या स्पर्धेची फी, यातून निघेल. कुणी किती दिले, कोणत्या मुलीला कशासाठी दिले, ती कुठं धावली, कितवी आली, सगळं लिहा. हरली तरी लिहा. मेरी हेलसिंकीला हरली होती.

लंडनच्या क्लबाची नोंद राहिली, म्हणून आज आपण त्याच्याबद्दल बोलू शकलो. लालबाग-परळच्या कितीतरी तालमींच्या वर्गणीच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या, पावसात भिजल्या. त्यांत आपल्या आजोबांची चार-चार आण्यांची नावं होती, आणि ज्यांच्या भाकरीवर ती तालीम चालली त्या बायांचं नाव तर त्यांतही नव्हतं. आपल्या वहीत ते आधी लिहा.

पुढच्या भाषणात भेटू. तोवर नमस्कार.